दृष्ट नव्हे, कारण शोधा

जेवणानंतर लेकराचे पोट दुखते, जुलाब होतात, अंगावर गांधी उठतात. लगेच कोणीतरी म्हणते, "मीठ-मोहरीने दृष्ट काढा." आपण तर प्रतीत्यसमुत्पाद मानणारे: कारणाशिवाय परिणाम नाही. ते कारण ताटात शोधावे.

एक जुनी वही घ्या. काय खाल्ले, किती वाजता, त्रास कोणता, किती वेळाने, हे रोज लिहा. शाळेतली खिचडी, दुकानातला खाऊही लिहा. शेंगदाणे, अंडी, मासे, दूध यांची अ‍ॅलर्जी बहुधा दोन तासांच्या आत दिसते. दुधातली साखर पचत नसेल, तर काही तासांत पोट फुगते, जुलाब होतात. गव्हामुळे होणारा सिलिअ‍ॅक आजार मात्र सावकाश दिसतो: जुने जुलाब, अंगात रक्त कमी, वाढ खुंटलेली. त्याची रक्ततपासणी होईपर्यंत चपाती बंद करू नका. नाहीतर आजार तपासणीत सापडत नाही.

ज्या पदार्थाने गांधी उठल्या, तो घरी पुन्हा देऊन पाहू नका. बाकी दूध-अंडी मनानेच तोडून लेकराला अशक्तही करू नका. वही घेऊन सरकारी दवाखान्यात बालरोगतज्ज्ञांना भेटा. ओठ-जीभ सुजली किंवा धाप लागली, तर वहीही नको, तत्काळ १०८ ला फोन करा.