हुशार आहे ना ती, मग डिप्लोमा कशाला?

अडीच वर्षांपूर्वी नातीने दहावीनंतर आयबी डिप्लोमा करायचं ठरवलं. ही बातमी मी पुण्याला थोरल्या भावाला फोनवर सांगितली. दादा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "अरे, पण हुशार आहे ना ती? मग डिप्लोमा कशाला?"

वाचकहो, हसू नका. आपल्याकडे डिप्लोमा म्हणजे दहावीनंतरचं पॉलिटेक्निक. मी दादाला सांगितलं, इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट ही १९६८ साली जिनिव्हात सुरू झालेली संस्था, तिचा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि भारतीय विद्यापीठ संघाने त्याला बारावीच्या तोडीचं मानलेलं आहे. विषय सहा, त्यांतले सहसा तीन हायर लेव्हलचे. प्रत्येकाला सातपैकी गुण, चार हजार शब्दांचा दीर्घ निबंध आणि 'थिअरी ऑफ नॉलेज' मिळून वरचे तीन, एकूण पंचेचाळीस. "म्हणजे चाळीस मिळाले तर एकोणनव्वद टक्के. ठीक आहे," दादा म्हणाला. ठीक नाही, दादा, उत्तम आहे. जगाची सरासरी तिशीच्या आसपास असते.

दादाला समजावताना मी मोठा जाणकार झालो होतो. पुढे जे घडलं त्यात चूक माझी होती, आणि हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

विषयनिवडीचा फॉर्म आमच्या शारजाच्या घरी जेवणाच्या टेबलावर आला. नातीला बिझनेस शिकायचं होतं. गणिताचे दोन मार्ग होते: 'ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस' आणि 'ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन'. पहिल्यात बीजगणित, कॅल्क्युलस, सिद्धता यांवर भर. दुसऱ्यात आकडेवारी, आलेख, व्यवहारातली गणितं. मी पुण्यात तेहतीस वर्षं वाणिज्य शिकवलं, पतसंस्थांवर डॉक्टरेट केली. मी म्हणालो, "बाळा, धंद्याला सिद्धता लागत नाही. दुसरं घे, तेही स्टँडर्ड लेव्हलला. वाचलेला वेळ बाकीच्या विषयांना दे." सून जरा घुटमळली, पण सासऱ्यापुढे बोलली नाही. नातीने फॉर्म भरला.

दीड वर्षाने, सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी, तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "आजोबा, हे वाचा." लंडनमधल्या एका विद्यापीठाचा अर्थशास्त्र आणि फायनान्सचा अभ्यासक्रम, तिच्या यादीतला पहिला. अट एकच होती: पहिल्या मार्गाचं गणित, हायर लेव्हल. त्याखालच्या दुसऱ्या विद्यापीठाचीही तीच अट. परीक्षा आठ महिन्यांवर आलेली, आता गणित बदलणं अशक्य. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "ठीक आहे, बाकीचे बघू."

तेव्हा दहावीतल्या मुलांच्या आईबाबांनो, आणि मुलांनो तुम्हीसुद्धा, अर्जाची खरी तारीख बारावीत नसते. ती विषयांच्या फॉर्मची तारीख असते. आवडतील असे पाच-सहा अभ्यासक्रम निवडा आणि प्रत्येकाचं पान स्वतः वाचा. विद्यापीठाचं नव्हे, त्या अभ्यासक्रमाचं. एकाच विद्यापीठात मॅनेजमेंटला कुठलंही गणित चालतं आणि शेजारच्या फायनान्सला चालत नाही, असं सर्रास आढळतं. अमेरिकेत व्हार्टनसारख्या ठिकाणी जायचं तर कॅल्क्युलसची तयारी हवीच. शंका असेल तर अवघड गणित घ्या. झेपलं नाही तर पहिल्या सत्रात खाली उतरता येतं, वर चढणं फार कठीण.

आणखी एक गोंधळ मी मंडळाच्या कार्यक्रमांत वारंवार ऐकतो. "आमच्या चिरंजीवांना हार्वर्ड बिझनेस स्कूलच." अहो, तिथे बारावीनंतर प्रवेशच नसतो. लंडन बिझनेस स्कूलची शाखा दुबईत आहे, इन्सियाडची अबू धाबीत आहे, पण तीही आधी पदवी आणि नोकरी केलेल्यांसाठी. बारावीनंतर पदवीला घेणाऱ्या शाळा वेगळ्या: पेनसिल्व्हेनियाची व्हार्टन, न्यूयॉर्कची स्टर्न, मिशिगनची रॉस, इंग्लंडात वॉरिक आणि एलएसई, मिलानची बोकोनी, रॉटरडॅमची इरास्मस. (एलएसई आणि लंडन बिझनेस स्कूल या दोन वेगळ्या संस्था आहेत, हे मलाही नातीनेच सांगितलं.) भारतात परतायचं असेल तर आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण त्याची प्रवेशपरीक्षा वेगळी.

तारखांचं थोडक्यात. अमेरिकेचे लवकरचे अर्ज बहुधा १ नोव्हेंबरला, म्हणजे ऐन दिवाळीच्या आगेमागे. ब्रिटनमध्ये यूकासवर पाच पर्याय, मुदत जानेवारीत, ऑक्सफर्ड-केंब्रिजची मात्र ऑक्टोबरच्या मध्याला. अंतिम निकाल जुलैत, त्यामुळे हे सगळं शिक्षकांनी दिलेल्या अंदाजी गुणांवर चालतं. ते अंदाज अकरावीच्या कामावर ठरतात. अमेरिका तर नववीपासूनचे गुण मागते. "बोर्डाच्या वर्षी बघू" ही आपली जुनी सवय इथे उपयोगाची नाही.

निबंधाबद्दल मात्र जरा थांबून बोलतो, कारण त्यात आपण मोठी माणसं फार ढवळाढवळ करतो. नातीचा पहिला मसुदा बुर्ज खलिफापासून सुरू होत होता. तो मीच सुचवला होता! शाळेतल्या मार्गदर्शक बाईंनी शांतपणे परत दिला. मग तिने करामातल्या आमच्या ओळखीच्या काकूंबद्दल लिहिलं. काकू दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात. नातीने एका मोसमात त्यांचा हिशेब ठेवला होता. भाजणी, तेल, डबे, ड्रायव्हर सगळं धरलं तर चकलीवर काकूंचा तोटा होत होता, आणि तो भरून निघत होता लाडवांवर. चकलीचा भाव वाढवा म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "चकली महाग केली तर लाडू कोण मागेल?" नातीने लिहिलं की हे उत्तर तिला पुस्तकात सापडलं नव्हतं. त्या एका परिच्छेदात तिचं घर, तिचं शहर आणि तिचं डोकं, तिन्ही दिसत होतं. बुर्ज कुठेच नव्हता.

आज ती इंग्लंडात मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षाला आहे. त्या विभागाला तिचं गणित चाललं. खूश आहे, असं म्हणते. उन्हाळाभर मात्र रोज सकाळी दोन तास कॅल्क्युलस करत बसलेली मी पाहिली, कारण दुसऱ्या वर्षी फायनान्सचे विषय घ्यायचे तर ते लागणार आहे. चहा द्यायला गेलो की वही मिटायची.

धाकटा नातू आता दहावीत आहे. वसंतात त्याचा फॉर्म त्याच टेबलावर येईल. त्याने आत्ताच मला बजावून ठेवलंय, "आजोबा, त्या दिवशी तुम्ही फक्त चहा करा. बाकी ताईला विचारून ठेवलंय."