क्लाउडमधील माहितीची राखण : कोणाची जबाबदारी किती?

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमधील शिक्षण अर्धवट ठेवून भारतात परतले. त्यांचा ग्रंथसंग्रह दुसऱ्या बोटीने येत होता. तो पहिल्या महायुद्धाचा काळ होता. जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ग्रंथ समुद्राने गिळले. संग्रह एकच होता आणि तो एकाच बोटीवर होता.

आज आपल्या पाल्यांच्या गुणपत्रिका, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीची कागदपत्रे यांच्या प्रती मोबाइलमार्फत ‘क्लाउड’मध्ये साठवल्या जातात. नाव ढगाचे असले तरी ही साठवण जमिनीवरच असते. डेटा सेंटर नावाच्या इमारतींत हजारो संगणक अहोरात्र चालू असतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. तेथे आपल्या माहितीची राखण कशी होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिला पहारा इमारतीचा. तेथे ओळख पटल्याखेरीज कोणास प्रवेश मिळत नाही. दुसरा पहारा सांकेतिक लिपीचा, म्हणजेच एन्क्रिप्शनचा. माहिती पाठवताना आणि साठवताना तिचे असे रूपांतर केले जाते की, योग्य किल्लीवाचून ती कोणालाही वाचता येऊ नये. उद्या एखादी डिस्क चोरीस गेली तरी चोराच्या हाती निरर्थक अक्षरेच लागतात. तिसरा पहारा हल्ल्यांविरुद्धचा. असंख्य संगणकांकडून एकाच वेळी खोट्या मागण्यांचा मारा करून सेवा बंद पाडण्याचा प्रयत्न होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये गुगलने असा एक हल्ला परतवला. त्याचा वेग सेकंदाला ३९ कोटी ८० लाख मागण्या इतका होता. एखाद्या शाळेच्या वा सहकारी पतसंस्थेच्या संगणकाला असा मारा क्षणभरही सोसवला नसता. याशिवाय यंत्रणेतील त्रुटी वेळोवेळी दुरुस्त करणे आणि संशयास्पद हालचालींवर नजर ठेवणे हे कामही या कंपन्यांचे तज्ज्ञ सतत करीत असतात.

मग धोका उरतो कोठे? २०१९ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेच्या ग्राहकांची आणि अर्जदारांची माहिती चोरीस गेली. अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांना त्याची झळ बसली. ही माहिती ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये होती. परंतु तिच्यापुढील संरक्षक भिंतीची, म्हणजे फायरवॉलची, मांडणी सदोष राहिली होती. त्या फटीतून चोरी झाली. पुढच्या वर्षी अमेरिकी नियामकाने ८ कोटी डॉलरचा दंड केला, तो बँकेला. क्लाउडच्या व्यवहारात यालाच ‘सामायिक जबाबदारी’ म्हणतात. इमारत, यंत्रे आणि मूळ व्यवस्था कंपनीने राखायची. आपण आत काय ठेवतो, कोणास दाखवतो आणि किल्ली कोणाच्या हाती देतो, हे आपण पाहायचे.

दुसरे उदाहरण फ्रान्सचे. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबुर्ग येथील ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक संपूर्ण इमारत भस्मसात झाली. ज्यांनी दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवली होती, त्यांचे काम पुन्हा सुरू झाले. ज्यांनी ठेवली नव्हती, त्यांच्यापैकी अनेकांची माहिती कायमची गेली. एकाच बोटीवरच्या ग्रंथांची गोष्ट शंभर वर्षांनी निराळ्या रूपात पुन्हा घडली.

आपल्या समाजातील कित्येक घरांत शिकणारी ही पहिलीच पिढी आहे. तेथे एक दाखला वेळेवर न मिळणे म्हणजे प्रवेश हुकणे, कधी अख्खे वर्ष वाया जाणे. म्हणून पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावावी. म्हणजे पासवर्ड चोरीस गेला तरी दुसरे दार बंद राहते. शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचे सांगून कोणी ओटीपी मागितल्यास तो मुळीच देऊ नये. मुलांची कागदपत्रे ‘लिंक असलेल्या कोणालाही’ दिसतील अशी खुली ठेवू नयेत. महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवावी आणि मूळ कागद जपून ठेवावेत.

तथागतांनी अप्पमादाला, म्हणजे अखंड सावधानतेला, फार मोठे स्थान दिले आहे. पहारेकरी कितीही बलवान असला तरी आपल्या वाट्याचे जागेपण त्याच्यावर सोपवता येत नाही. ज्या कागदांसाठी आपल्या आईवडिलांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, त्यांची राखण आता आपल्याकडे आली आहे.