जमेला चौदा, नावे वीस

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला उपदेशापेक्षा हिशेब लवकर कळतो. गडचिरोलीत दारूच्या विरोधात जे लोकमत उभे राहिले, त्याच्या मुळाशी असाच एक दोन ओळींचा हिशेब होता.

१९८२ साली चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ मध्ये तेथे आले आणि ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू झाले. आरोग्याची विचारपूस करता करता दारूचा प्रश्न पुढे आला. संस्थेने पाहणी करून आकडे मांडले. जिल्ह्याच्या विकासासाठी शासन वर्षाला सुमारे १४ कोटी रुपये खर्च करते आणि जिल्ह्यातील लोक दारूवर सुमारे २० कोटी घालवतात. जमेला चौदा, नावे वीस.

या मांडणीत पाप-पुण्याचा शब्द नाही, पिणाऱ्याची निंदा नाही. गोंड समाजात मोहाच्या दारूला रीतिरिवाजांत स्थान आहे. बाहेरून आलेल्या माणसाने तिला नावे ठेवली असती तर गावाने पाठ फिरवली असती. हिशेबाने मात्र कोणाचा अपमान केला नाही. पैसा कोठे जातो, एवढेच त्याने दाखवले. शिवाय तो इतका आटोपशीर होता की निरक्षर स्त्रीही पाणवठ्यावर तो दुसरीला सांगू शकत होती. गावोगावी ठराव झाले, आंदोलन वाढले आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

आपल्याकडील व्यसनमुक्तीची पत्रके यासोबत ठेवून पाहावीत. विशेषणे पुष्कळ, आकडा एकही नाही. (प्रस्तुत लेखकाने स्वतः अशी दोन-चार लिहिली आहेत.)

अर्थात केवळ आकडा पुरतोच असे नाही. महाराष्ट्रातील बालमृत्यूंवरील जो अहवाल २००१ साली डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकारी संस्थांनी प्रसिद्ध केला, त्याला त्यांनी नाव दिले ‘कोवळी पानगळ’. उन्हाळ्याच्या तोंडाशी सागाचे रान उघडे पडते, वाळली पाने पायाखाली वाजतात. त्याचे कोणाला दुःख नसते. पण ‘पानगळ’ या शब्दामागे ‘कोवळी’ हे विशेषण आले की वाचणारा थबकतो. आत मांडलेला अंदाज होता वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यूंचा, आणि त्यांतील बहुसंख्य शासकीय नोंदीत आलेलेच नव्हते. शासनाला त्याची दखल घेऊन मूल्यमापन समिती नेमावी लागली. तिचे अध्यक्षपद डॉ. बंग यांच्याकडेच आले.

मागे उपायाचे बळ नसते तर हे लेखन विलाप ठरले असते. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ मध्येच छापून आले होते. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर गेली.

पण असे यश कायमचे जमा धरता येत नाही. चंद्रपुरात स्त्रियांच्या दीर्घ लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ रोजी दारूबंदी झाली. मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध विक्री वाढली, महसूल बुडाला, असे कारण देण्यात आले. हाही एक हिशेबच होता आणि तो सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. चोरटी दारू त्या काळात मिळत होती. मात्र त्या वहीत तिजोरीचे खाते ठळक होते आणि घरांचे खाते पुसट. मजुरी करणाऱ्या बाईच्या हाती बंदीच्या काळात किती पैसे उरले, हा आकडा चौदा-वीसच्या हिशेबासारखा लोकांच्या तोंडी कधी बसला नाही. तो बसवणे हे लिहिणाऱ्यांचे काम होते, असे मला वाटते.

गडचिरोलीत बंदी टिकली. तेथेही चोरटी विक्री आहेच. म्हणून २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम गावोगावी सुरू झाला. दोन्ही जिल्ह्यांच्या मध्ये वैनगंगा वाहते. पुलाच्या गडचिरोलीकडील बाजूला आजही दारूचे परवानाधारक दुकान नाही. पूल ओलांडून चंद्रपूरच्या हद्दीत आले की ते पुन्हा उघडलेले आहे.