होल मारण्याआधी

दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबच्या शिवारात वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. विहीर खोदणाऱ्याची पहार मुरुमापर्यंत चालते. पुढे ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर बोलवावा लागतो.

बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचे बोगदे माणसांनी घणाने भोकं पाडून, त्यात दारू ठासून फोडलेले होते. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८६१ मध्ये, आल्प्समधल्या फ्रेजूस बोगद्यात हवेवर चालणारं ड्रिल यंत्र कामाला लागलं होतं. आज विहिरीत उतरतं ते त्याचंच हलकं भावंड, म्हणजे हलकं तरी पंचवीसेक किलोचं. दाबाखालची हवा आतला दट्ट्या मिनिटाला दोनेक हजार वेळा रॉडच्या बुडावर आपटते, दर ठोक्याला रॉड थोडा फिरतो आणि पोकळ रॉडमधून गेलेली हवा भुकटी बाहेर फेकते.

हे यंत्र डिझेलवर चालतं असं वाटतं. टिकतं मात्र तेलावर. हवेच्या नळीवर तेलाचं एक छोटं भांडं असतं. ते रिकामं राहिलं की दट्ट्या कोरडा घासतो. पारख सोपी आहे: रॉड काढून त्याचं बूड बोटाने पुसावं. बोटाला तेल लागलं तर ठीक. बूड कोरडं, तापून निळसर पडलेलं असेल तर काम थांबवावं. उलट तेल जास्त झालं, तर विहिरीत निळसर धुकं भरतं आणि ते खालच्या माणसाच्या छातीत जातं. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडायचं, नाहीतर ते नळीतलं तेल धुऊन नेतं. रॉडच्या टोकाच्या बोथट बिटचं तर विचारूच नका. खडकाने न घेतलेला ठोका माघारी हातात येतो. वर्षानुवर्षं असे हादरे सोसलेल्यांची बोटं थंडीत पांढरी पडून बधिर होतात. अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरने १९१८ मध्येच दगडकामगारांमध्ये हे नोंदवलं होतं.

नळीचं कपलिंग दाबाखाली निसटलं, तर नळी सापासारखी फटकारते. म्हणून जोडावर साखळी हवी, आणि नळी सोडवण्याआधी हवा बंद करून उरलेली काढून टाकायची. घाई झाली की काही जण हँडलवर पाय टाकून वजन देतात. रॉड मोडला तर तोच माणूस तोंडावर पडतो.

सगळ्यात मोठा धोका मात्र यंत्रात नसतो. कालचा बार उडाला, पण एखाद्या होलाच्या बुडात न उडालेला स्फोटकाचा तोटा शिल्लक असू शकतो. आयतं भोक दिसतंय म्हणून त्यातच रॉड घातला, तर पहिलाच ठोका शेवटचा ठरू शकतो. खाणींच्या नियमांत याला सक्त मनाई आहे. विहिरीतला पाषाण काही वेगळा नसतो. तोटे भरणं हे परवानाधारकाचंच काम, आणि त्या परवान्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. बार झाल्यावर धूर निघून गेल्याशिवाय यारीने कुणालाही खाली सोडू नये, आणि कॉम्प्रेसर असा लावावा की त्याचा धूर वाऱ्याने विहिरीत येणार नाही.

खाली उतरणाऱ्याला कानाला मफ, डोळ्याला चष्मा, नाकाला धुळीचा मास्क लागतो. रुमालाने भुकटी अडत नाही. यंदा विहिरीवर कॉम्प्रेसर लावणार असाल, तर भाव ठरवतानाच तेलाचं भांडं उघडून पाहा आणि कपलिंगला साखळी आहे का, ते विचारा.