फुगडीची जोडी

श्रावणातील मंगळवारी नवविवाहित मुली मंगळागौर पूजतात आणि रात्र जागवतात. त्या जागरणात झिम्मा, पिंगा यांच्या जोडीने फुगडी रंगते. कोकणात व गोव्यात गौरी-गणपतीच्या दिवसांतही घरोघरी फुगड्या होतात. पूर्वी सासुरवाशिणीला मोकळेपणी हसण्या-बागडण्याची संधी क्वचितच मिळे. म्हणून या रात्रीची ती वर्षभर वाट पाही. खेळ स्त्रियांचा, पुरुषमंडळी तिकडे सहसा फिरकत नसत. एरवी सासूपुढे मान वर न करणारी सून त्या रात्री तिच्याच हातांत हात गुंफून फेर धरी!

फुगडीत दोघी समोरासमोर उभ्या राहून पावले जुळवतात. हातांची अढी घालून उजव्या हाताने उजवा व डाव्या हाताने डावा हात धरतात. मग अंग मागे झोकून त्या गरगर फिरू लागतात. आता प्रत्येकीचा तोल दुसरीच्या हातांत असतो. एकीने पकड सोडली, तर दोघीही आपटतात. म्हणून अंगाने जड असलेली मुलगी हलक्या मुलीबरोबर खेळताना बेताने मागे झुकते. घेरी येऊ लागली तरी हात एकदम सोडावयाचा नसतो; वेग कमी करीत, पावले थांबल्यावरच तो सोडावयाचा. पाहणाऱ्यांना वेग दिसतो. खेळणाऱ्यांचे लक्ष मात्र मनगटांकडे असते. दंडफुगडी, बसफुगडी, एका हाताची फुगडी असे तिचे प्रकार पुष्कळ आहेत. एका हाताच्या फुगडीत तर ही पकड निम्मीच उरते.

फुगडी केवळ स्त्रियांची, असा समज मात्र पंढरीच्या वाटेवर टिकत नाही. तेथे वारकरी पुरुषही धोतराचा काचा मारून फुगडी घालतात. पिकल्या केसांचा वारकरी कोवळ्या पोराबरोबर फिरतो, आणि खेळ संपताच दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात किंवा मानपान तेथे कोणी विचारीत नाही. संत एकनाथ व संत तुकाराम यांनीही फुगडीवर रचना केल्या आहेत.

पालघर जिल्ह्यातील वारली लोकांच्या तारपा नाचाची रीत निराळी. तेथे स्त्रिया व पुरुष एकाच साखळीत, एकमेकांच्या कमरेभोवती हात घालून नाचतात. तारपा वाजविणारा मात्र पुरुषच असतो. वाळलेल्या भोपळ्यापासून केलेल्या त्या वाद्याचा सूर बदलला, की सगळ्यांची पावलेही बदलतात, आणि साखळी त्याच्याभोवती वळसे घेत राहते.