पॉइंट एक दोन पाच

नगर जिल्ह्याला वजनं ठाऊक ती मोठी. ऊस टनावर, कांदा क्विंटलवर, दूध कॅनवर. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून ‘काटा’ म्हटलं की इथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे उसाने लादलेली बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर-ट्रॉली उभी राहते. त्या काट्यावर दहा-वीस किलो इकडचे तिकडे झाले तर टपरीवर दोन दिवस चर्चा होते आणि संपते.

याच जिल्ह्यात दुसराही एक काटा आहे. ‘बाळ काचेत ठेवलंय’ असं आपण ज्या खोलीबद्दल म्हणतो, तिथे तो ५ ग्रॅमपर्यंत मोजतो. १ किलोचं अपुऱ्या दिवसांचं बाळ चांगलं वाढत असेल तर दिवसाला १५ ग्रॅम वाढतं. सोनाराच्या भाषेत दीड तोळा. बाहेर बाकावर बसलेली आजी सिस्टरला पहिला प्रश्न विचारते तो याच दीड तोळ्याचा.

डोकं गरगरवणारे आकडे म्हणजे शून्यांची लांब माळ, अशी आपली समजूत. नवजात अतिदक्षता विभागातली गरगर दशांश चिन्हाच्या उजवीकडे सुरू होते.

जेंटामायसिन घ्या. जंतुसंसर्गावरचं जुनं, स्वस्त, नेहमीचं औषध. मोठ्यांसाठीच्या २ मिलीच्या बाटलीत ते ८० मिलीग्रॅम असतं. १ किलोच्या बाळाला ५ मिलीग्रॅम द्यायचं, तर बाटलीतून घ्यायचं ०.१२५ मिली. पॉइंट एक दोन पाच. म्हणजे त्या बोटभर बाटलीत १६ बाळांचा डोस आहे! सिरिंजच्या टोकाशी अडकून राहणारा थेंबसुद्धा इथे हिशेबात धरावा लागतो, म्हणून औषध आधी पातळ करायचं, मग मोजायचं, मग दुसऱ्या सिस्टरला दाखवायचं. लिहिण्याचेही नियम आहेत. ‘५.०’ लिहायचं नाही, कारण टिंब पुसट झालं की त्याचे ५० होतात. ‘.५’ लिहायचं नाही, ‘०.५’ लिहायचं. शाळेत दशांश अपूर्णांकांना कंटाळलेल्या मुली इथे त्या टिंबाची जन्मभर राखण करतात.

रक्ताचंही तसंच. १ किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून सुमारे ९० मिली रक्त असतं, टपरीवरच्या एका कटिंगएवढं. तपासणीला त्यातलं १ मिली काढणं म्हणजे तुमच्या-आमच्या अंगातून ५० मिली काढण्यासारखं. म्हणून काढलेल्या रक्ताचीही नोंद ठेवायची. लंगोट कोरडा असताना तोलायचा, ओला झाल्यावर पुन्हा तोलायचा. जितके ग्रॅम जास्त, तितकी मिली लघवी.

आता रात्रपाळी धरू. रात्री ८ ते सकाळी ८. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे विशेष नवजात कक्षात एका सिस्टरकडे ३ ते ४ बाळं असावीत. आपण ४ धरू. बाळाच्या हृदयाचे मिनिटाला १४०च्या आसपास ठोके पडतात, म्हणजे एका रात्रीत एका बाळाचे १,००,८०० ठोके. चौघांचे ४ लाखांवर. श्वास मिनिटाला ५० धरले तर चौघांचे मिळून १,४४,०००. हे मोजायला मॉनिटर असतो, खरं. पण अपुऱ्या दिवसांचं बाळ मधेच श्वास घ्यायचं विसरतं. अगदी विसरतंच; मेंदूतली ती सवय अजून पक्की झालेली नसते. २० सेकंद श्वास नाही, की मॉनिटर ओरडतो. आणि ओरडणं एवढंच त्याचं काम. तळपायाला टिचकी मारून, पाठीवरून बोट फिरवून त्याला श्वासाची आठवण करून देतो तो माणसाचा हात.

दर दोन तासांनी दूध. आईने काढून दिलेलं, कधी नळीने, कधी बोंडल्याने. ६ वेळा, ४ बाळं, २४ दूध. प्रत्येक दुधाआधी आणि नंतर हात स्वच्छ करायचे, ४८ वेळा. दर वेळी अर्धं मिनिट धरलं तर २४ मिनिटं झाली, आणि यात लंगोट, औषधं, सलाइन, मध्येच वाजलेला मॉनिटर काहीच धरलेलं नाही. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना सिस्टरच्या हातांकडे पाहावं.

हे झालं एका सिस्टरचं. आता जिल्हा. १४ तालुके, १७,०४८ चौरस किलोमीटर. साडेचार गोवे मावतील. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ४५,४३,१५९. महाराष्ट्राचा जन्मदर २०२० साली हजारी १५ होता. तोच लावला तर जिल्ह्यात रोज १८५च्या आसपास बाळं जन्मतात. देशात साधारण १३ टक्के बाळं वेळेआधी येतात. त्या हिशेबाने रोज दोन डझन. सगळ्यांनाच काचेत ठेवावं लागत नाही. समजा चौथा हिस्सा, रोज ६, आणि प्रत्येक जण महिनाभर राहतो. तर कुठल्याही क्षणी १८० बाळं आत. प्रत्येक पाळीला ४५ सिस्टर, तिन्ही पाळ्यांना १३५, तेही कुणी आजारी पडत नाही, कुणाची सुट्टी नाही असं धरून. हा कागदावरचा अंदाज, पण नर्सच्या रिकाम्या जागांची बातमी वाचताना जवळ ठेवण्यासारखा.

यंत्रांनीच बाळं वाचतात असंही नाही. याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली आले, तेव्हा आसपासच्या गावांत हजार बाळांपैकी १७६ बाळं एका वर्षाच्या आत जात. त्यांनी गावातल्याच बायकांना, कित्येक निरक्षर, आरोग्याचं काम शिकवलं आणि तो आकडा खाली आणला. २०२० साली अख्ख्या महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर हजारी १६ होता.

अलीकडचा एक आकडा मला सर्वांत विलक्षण वाटतो. भारत आणि आफ्रिकेतले चार देश, ३,२११ बाळं, १ ते १.८ किलोच्या आतली. जन्मल्यावर लगेच जी आईच्या उघड्या छातीशी बांधली, कांगारूसारखी, त्यांतली २८ दिवसांत १२ टक्के गेली. आधी तब्येत स्थिर होऊ दे म्हणून थांबलेल्यांत १५.७ टक्के. २०२१ साली हे छापून आलं. म्हणजे २७ बाळांमागे १ जीव जास्त वाचला, आणि लागलं काय? आई, आणि तिला खुर्चीत बसवून, नळ्या सांभाळत बाळ तिच्या छातीशी नीट ठेवणारी सिस्टर.

१ किलोचं बाळ आधी थोडं उतरतं, मग सावरतं, मग चढतं. घरी जायला दीड महिना सहज लागतो. ४५ दिवस, ५४० वेळा दूध.

तुमच्या घरचं बाळ काचेत असेल, तर आत जाताना अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा. हात कोपरापर्यंत धुवा, पूर्ण दोन मिनिटं, मोजून. आणि सिस्टर सिरिंज डोळ्यांसमोर धरून उभी असेल, तर तिला काहीही विचारू नका. थांबा.