‘आमी जातपात मानत नाय, पण...’ : या ‘पण’च्या मागे काय दडले आहे?

मालवण, कुडाळ, कणकवली या पट्ट्यात सामाजिक काम करताना आमच्या कानावर एक वाक्य सतत पडते. भाड्याची खोली शोधताना, सोयरिकीचा विषय निघाल्यावर, पालकसभेत, जत्रेच्या बैठकीत, सगळीकडे. "आमी जातपात मानत नाय, पण..." कधी ते "राग मानू नको हां, पण..." असे येते, तर कधी "माझे कितीतरी मित्र तुमच्यातले आहेत, पण..." असे. पहिला भाग ऐकून बरे वाटते. बोलणाऱ्याला जे सांगायचे असते ते मात्र ‘पण’च्या पुढे असते. मग हा पहिला भाग तो बोलतोच कशाला?

जॉन हेविट आणि रँडल स्टोक्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७५ साली याच प्रश्नावर एक लेख लिहिला. माणूस चुकल्यानंतर माफी मागतो किंवा कारणे देतो. पण काही वेळा आपण आता जे बोलणार आहोत त्याने समोरच्याचे आपल्याबद्दलचे मत खराब होईल, हे त्याला आधीच कळलेले असते. तेव्हा तो बोलण्याआधीच बचाव उभा करतो. "माझे मित्र तुमच्यातले आहेत" हा त्यातलाच एक प्रकार. हे एक प्रकारचे ओळखपत्र आहे. ते दाखवले की पुढचे वाक्य आकसाचे ठरू नये, अशी अपेक्षा असते. नेदरलँड्समधील अभ्यासक टेऊन व्हान डाइक यांनी स्थलांतरितांविषयी गोऱ्या लोकांचे बोलणे तपासले. त्यांनाही हीच रचना आढळली : आधी स्वतःची चांगली बाजू, मग ‘पण’ आणि त्यानंतर ‘त्यांची’ वाईट बाजू.

हे फक्त समोरच्यासाठी नसते. बेनॉइट मोनिन आणि डेल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना आधी स्त्रियांविषयीची उघड अपमानकारक विधाने नाकारण्याची संधी दिली. नंतर एका नोकरीसाठी निवड करायला सांगितल्यावर हेच लोक पुरुषाला झुकते माप द्यायला अधिक तयार झाले. आपण भेदभाव करणारे नाही, हे एकदा सिद्ध केल्यासारखे वाटले की मनाला सूट मिळते. म्हणजे "आम्ही जात मानत नाही" हे वाक्य बोलणारा स्वतःलाही ऐकवत असतो.

ही प्रस्तावना आली कुठून?

मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या लोकांसह पाणी प्यायले. त्या काळी पाणी नाकारणाऱ्यांना कोणतीही प्रस्तावना करावी लागत नव्हती. विटाळ मानणे त्यांना धर्मच वाटत होता. पुढे संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ आणि १९८९ चे कायदे आले आणि जातीवरून उघड बोलणे गुन्ह्याचे आणि लाजेचे झाले. आज आधी बचाव करावा लागतो याचा अर्थ जाहीर जीवनातला नियम बदलला आहे. हे चळवळीचे यश आहे. पण नियम जितका बदलला तितके मन बदलले नाही, हेही त्याच वाक्यातून कळते.

बाबासाहेबांनी हा अनुभव फार मोठ्या पातळीवर घेतला. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने त्यांना १९३६ च्या परिषदेचे अध्यक्षपद दिले. संस्थेच्या नावातच जात तोडण्याची घोषणा होती. भाषणाचा मसुदा हाती पडल्यावर मात्र त्यातील धर्मशास्त्रांविषयीचा भाग मंडळाला खटकला. बाबासाहेबांनी बदल करायला नकार दिला आणि परिषद झालीच नाही. ते न झालेले भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. तेच ‘जातिप्रथेचे निर्मूलन’. जात तोडायला मंडळ तयार होते, पण ती जिथून बळ घेते त्या शास्त्रांना हात लावायला नाही.

कोकणातले ‘पण’

आमच्या भागात या ‘पण’ची तीन रूपे जास्त दिसतात. पहिले रूप दुसऱ्यावर ढकलण्याचे. "खोली देवक आमची हरकत नाय, पण म्हातारी आई ऐकूची नाय." बोलणारा चांगलाच राहतो, दोष घरात बसलेल्या म्हातारीकडे जातो आणि खोली मिळत नाही ती नाहीच.

दुसरे रूप रूढीचे. "आमचे काही म्हणणे नाही, पण गावऱ्हाटीची रीत आहे." देवस्थानातील मानपान, पालखीचा मार्ग, कोणी कुठे उभे राहायचे हे सगळे जणू कोणीच ठरवलेले नसते. प्रत्यक्षात रीत माणसेच चालवतात आणि दरवर्षी बैठक घेऊन ठरवतात.

तिसरे रूप सभ्य प्रश्नाचे. "तुमी खयचे? वाडी खयची?" आमच्या गावांत वाडीवरून जात कळते. म्हणूनच डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलली तरी प्रश्न थांबत नाही. शहरातही तेच घडते. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असे ते सांगत होते, आणि उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ महत्त्वाची असल्याचेही सांगत होते. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी समान पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी कंपन्यांना पाठवून पाहिले. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना उच्चवर्णीय हिंदू नावांच्या अर्जांपेक्षा कमी प्रतिसाद मिळाला.

मग करायचे काय?

अनेक बांधव विचारतात, अशा बोलण्यावर ॲट्रॉसिटी लागते का? आधी "राग मानू नका" म्हटले म्हणून गुन्हा माफ होतो, अशी तरतूद कायद्यात नाही. मात्र या कायद्यात अपमानाच्या गुन्ह्यासाठी हेतू लागतो आणि घटना लोकांच्या नजरेसमोर घडलेली असावी लागते. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका प्रकरणात म्हटले आहे. ओसरीवर बसून बोललेली बरीच वाक्ये म्हणूनच कायद्याच्या बाहेर राहतात. तिथे आपल्यालाच बोलावे लागते.

सुत्तनिपातातील वसल सुत्त इथे उपयोगी पडते. अग्गिक भारद्वाज ब्राह्मणाने भिक्षेसाठी आलेल्या तथागतांना ‘वसल’, म्हणजे नीच, म्हणून दूरच थांबवले. तथागत रागावले नाहीत आणि गप्पही बसले नाहीत. वसल कोणाला म्हणतात हे तुला ठाऊक आहे का, असे त्यांनी विचारले, आणि माणूस जन्माने नव्हे तर कर्माने नीच ठरतो हे समजावून सांगितले.

आपणही शांतपणे विचारू शकतो. "आईची अडचण नक्की कशाची आहे? आम्ही त्यांना भेटू का?" "ही रीत बदलायला पुढच्या बैठकीत तुम्ही बोलाल का?" "वाडी कळल्यावर काय बदलणार आहे?" अशा प्रश्नाने पहिला भाग बाजूला होतो आणि बोलणाऱ्याला ‘पण’च्या पुढच्या वाक्याची जबाबदारी घ्यावी लागते. काही जण उखडतात. काही जण मात्र खरेच थबकतात, आणि अशा एखाद्याकडून खोली मिळाल्याचेही आम्ही पाहिले आहे.

हीच कसोटी आपल्या तोंडालाही लावायला हवी. देवगडच्या हापूस बागांत राखण करणारे नेपाळी कामगार, सफाईचे काम करणारी कुटुंबे, आपल्याच जवळच्या दुसऱ्या अनुसूचित जाती यांच्याविषयी "आम्ही भेद मानत नाही, पण" असे वाक्य बौद्धवाडीतही ऐकू येते. सम्यक वाचा ही रोजच्या बोलण्यात पाळायची गोष्ट आहे. ओठावर ‘पण’ आला की क्षणभर थांबावे आणि पुढचे वाक्य त्या माणसासमोर, प्रस्तावनेशिवाय बोलता येईल का ते पाहावे. येत नसेल तर ते वाक्य तिथेच सोडून द्यावे.